करडईचं तूप

माजलगाव, कार्तिक वद्य ३, शके १८५३

दादा,

दंडवत. तो तू घेतलास की बाजूला सारलास, हे मला इथून दिसणार नाही, तेवढं एक बरं आहे.

इतक्या वर्षांत चिटोरं नाही आणि आता एकदम बंगलोरला लिफाफा, म्हणून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आजपर्यंत तरी आहेत. आई म्हणायची तेच खरं, गरज पडली की शिवकन्येला भाऊ आठवतो.

तू माझ्या नवऱ्याशी भांडून गेलास, माझ्याशी नाही, असं धरून लिहिते. उंबऱ्यात उभा राहून तू म्हणाला होतास की त्रिंबक, तुझी ती टाकी एक दिवस तुला खाईल आणि माझ्या बहिणीचं कुंकू पुसेल. (नाव मी कागदावर घेतलं आहे, तोंडाने नाही.) दिवस भाऊबीजेचा होता. त्यांनी तुला चालता हो म्हटलं आणि मीही तुला थांब म्हटलं नाही. सणाच्या दिवशी असलं अभद्र कोणती बाई ऐकून घेईल? मला अजूनही तुझा रागच येतो. पण तेव्हा टाकी नुसती बोलण्यात होती. आता ती सिंदफणेच्या काठच्या आमच्या मळ्यात पत्र्याच्या छपराखाली येऊन बसली आहे. जिनिंगवाल्यांनी मोडीत काढलेला बॉयलर आहे तो. त्याला नवं झाकण, झाकणाला अंगठ्याएवढे बोल्ट, एक दाबाचा काटा आणि एक सुटकेचा नळ. माझ्या चुलीपासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

तुम्ही दोघं एकाच गुरूकडे हे शिकलात, तेव्हा तुलाच हे सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे. तरी मला जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर हस. लाल तापलेल्या लोखंडाच्या किसावरून वाफ सोडली की हायड्रोजन निघतो. तो टाकीतल्या गरम तेलात दाबाने घालायचा. नुसता घातला तर तेल त्याला दारातही उभं करत नाही. मध्ये निकेलची काळी पूड लागते. ती स्वतः संपत नाही, दोघांची सोयरीक जुळवते आणि बाजूला होते. मग पातळ तेल थिजून तुपासारखं घट्ट होतं. विलायतेहून पत्र्याच्या डब्यात असलं तूप आपल्या मोगलाईतसुद्धा यायला लागलं, हे ह्यांच्या पोटात दुखतं. म्हणतात, आपल्या करडईला काय धाड भरली आहे?

ह्यांचं सगळं डोकं त्या पुडीत अडकलं आहे. निकेल नुसतं चालत नाही, ते कशावर तरी बसवावं लागतं म्हणजे नीट पसरतं. मुलतानी मातीवर बसवून झालं. मग ज्वारीच्या धाटांची राख धुऊन धुऊन तिच्यावर बसवलं. आता त्यात तांब्याचा कण मिसळताहेत. प्रत्येक खेपेला वाटीभर तेल काढून पडवीच्या कट्ट्यावर ठेवतात आणि थिजलं का बघतात. दसऱ्याच्या सुमारास एकदा थिजलं होतं. त्यानंतर एकदाही नाही.

ती पूड मला अजिबात आवडत नाही. परवा आश्रुबाच्या हातून चिमूटभर पोत्यावर सांडली. आश्रुबा म्हणजे आमचा भट्टीवरचा गडी, दिंद्रुडचा. जवळपास ना विस्तव ना दिवा. आणि ती पूड आपली आपण धुमसायला लागली, पोत्याला भोक पडलं. हे मात्र खुशीत. म्हणे हेच तिच्या जिवंतपणाचं लक्षण, म्हणूनच तिला तेलात बुडवून ठेवावं लागतं. जी वस्तू आगीशिवाय पेटते ती माझ्या नवऱ्याला लाडकी आहे, आता मी काय करू ते सांग.

विचारायचं एवढंच. चांगलं तेल, चांगला वायू, तरी निकेल का मरतं? ह्यांना वाटतं दाब कमी पडतोय. दाब वाढवीन म्हणतात. वाढवू नये असं काहीतरी शास्त्राच्या भाषेत लिहून पाठव. माझं कोण ऐकतो?

शिवकन्या

माजलगाव, मार्गशीर्ष शुद्ध ९

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पत्र कसलं, दवाखान्यातली चिठ्ठी. दाब किती, उष्णता किती, तेल कोण गाळतं, नळावाटे येणाऱ्या वायूला वास कसला येतो. खाली दाबाची मर्यादा आणि सही. बहिणीची ख्यालीखुशाली नाही. असू दे, मीही तेवढंच मागितलं होतं.

दाब तू लिहिलास त्याच्या दुप्पट झाला आहे. तुझा कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला. वाचला, घडी केली, बंडीच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी काटा आणखी वर नेला. तुझं नाव निघालं की ह्यांचा दाब आपोआप चढतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तेल दिंद्रुडच्या घाण्यावरून येतं आणि मीच गाळते. धुतलेल्या धोतराच्या चार पदरांतून. ह्यांचा तसा दंडकच आहे, टाकीत जाणाऱ्या तेलाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हणतात, घरात विश्वासाचं माणूस एकच आहे.

वासाचं म्हणशील तर ह्यांना वास येतच नाही. तपकिरीने नाक कधीच मेलंय. आश्रुबा मात्र परवा नाकाला पागोट्याचं टोक लावून माझ्याकडे आला. म्हणाला, "आक्का, नळातून नासक्या अंड्यावानी वास येतुया. पैल्यांदा असा नव्हता." मी म्हटलं, जुना बॉयलर आहे, आत काहीबाही चिकटलेलं असेल. त्याने मान हलवली आणि कामाला गेला.

आणि आता खरं सांगण्याजोगं. परवाच्या खेपेला काटा चढता चढता झाकणाखाली फट बुजवायला बसवलेली दोरी उडाली आणि फटीतून वायू फुसकन बाहेर आला. भट्टीचा निखारा कुठे, झाकण कुठे, तरी मध्ये निळी रेघ ओढल्यासारखं झालं आणि मोठा आवाज झाला. मी भाकरी तव्यावर टाकून धावले. लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन काट्याकुट्यातून धावले, दादा. धुरात दोन माणसं उभी दिसली तेव्हा खाली बसले. ह्यांना काही झालं नव्हतं. आश्रुबाच्या भुवया आणि अर्धी मिशी गेली, हात कोपरापर्यंत भाजला. मी कोरफडीचा गर लावत होते आणि तो मलाच समजावत होता, "रडू नका आक्का, मिशी येती परत. पर मालकाला सांगा की, माणूस परत येत न्हाई." मी विचारलं, तू का सांगत नाहीस? म्हणाला, "मी सांगितलं तर दुसरा गडी बघतील. तुमी सांगितलं तर दुसरी बायको थोडीच बघत्यात?" तेवढ्यातही मला हसू आलं.

आवाज ऐकून पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले. बॉम्ब करता काय, असं विचारलं. ह्यांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि तेलाचं तूप कसं होतं ते सगळं समजावलं. साहेबांनी टाकीकडे दुरूनच बघितलं, चहाही अर्धा ठेवला, आणि गेले. बॉम्ब असता तर त्यांना जास्त कळलं असतं.

हे आता झाकणाला जाड बोल्ट बसवताहेत. म्हणजे दाब आणखी वाढवायला मोकळे. तू काहीतरी कर.

शिवकन्या

माजलगाव, पौष शुद्ध ६, संक्रांत

दादा,

तिळगूळ कागदात बांधून पाठवत नाही, वाटेत मुंग्या लागतील.

तू ओळखलंस. आश्रुबाच्या नाकाने तुला पत्ता दिला आणि मी इथे बसून बॉयलर जुना आहे म्हणत होते. तू लिहितोस, "हा वास गंधकाचा. निकेल इतक्यांदा आपोआप मरत नाही, तेलात कुणीतरी गंधक घालतंय. कोण?"

मी घालते.

आता सगळंच लिहिते. दसऱ्याच्या सुमारास ती वाटी थिजली, तो दिवस तुला आधी नीट सांगितला नाही. मी जेवायला बोलवायला छपरात गेले होते. टाकी हुंकार दिल्यासारखी घुमत होती. पत्रे थरथरत होते. आणि हे टाकीच्या अंगाला कान लावून, डोळे मिटून उभे होते. लग्नात सुद्धा ह्यांचा चेहरा एवढा सुखी नव्हता. मला वाटलं, हा माणूस आता इथून हलणार नाही, टाकी उकलली तरी कान लावूनच उभा राहील. संध्याकाळी वाटी थिजली. सगळ्या आळीला पेढे वाटले. माझा पेढा मी आश्रुबाला दिला.

तू पूर्वी सुट्टीत आलास की दोघं पानावर बसून हेच बोलायचात. मी वाढत असायची. गंधक म्हणजे निकेलचा काळ, चिमूटभर पुरे, हे तुझंच वाक्य. वाढणाऱ्या बाईला कान असतात हे तुम्हा लोकांच्या ध्यानात येत नाही. म्हशीच्या खरजेला लावायला घरात गंधक होताच. पुढच्या खेपेचं तेल गाळलं तेव्हा पळीभर तेलात चिमूट विरघळवून आत सोडली. वाटी पातळच राहिली.

मला वाटलं, दोनचार खेपा फुकट गेल्या की नाद सुटेल. माणूस कंटाळेल, शेतीत लक्ष घालेल. मी काही त्यांच्या जेवणात विष घातलं नाही, एका मातीला घातलं. पण मला माझा माणूस कळला नाही रे. खेप फसली की ते कंटाळत नाहीत, चेवतात. माती बदलून झाली, राख बदलून झाली, तांबं घालून झालं. मग म्हणाले, धातूत दोष नाही, दाबच कमी. मी त्यांना वाचवायला चिमूट घालते आणि ती चिमूट पडली म्हणून ते काटा आणखी वर नेतात. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आश्रुबाचा हात माझ्यामुळे भाजला. त्याच्या बायकोला, कडूबाईला, मी रोज तूप-भाकरी देते आणि ती माझे पाय धरते.

आता तूच सांग. घालणं सोडलं तर धातू जिवंत होईल, पण आता दाब कुठल्या कुठे गेला आहे. न सोडावं तर पुढच्या महिन्यात आणखी वर जाईल. गुपचूप बंद करू का? की आणखी थोडं घालू? मला काही सुचत नाही. रात्री झोप नाही, दिवसा भांडं पडलं तरी दचकते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस पत्र्याच्या छपराखाली बसला आहे आणि मी त्याला रोज तेल गाळून देते.

लवकर लिही. सेलूच्या ठेसनावरून टपाल आणायला गाडी जाते, तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे.

शिवकन्या

माजलगाव, पौष वद्य ८

दादा,

तू पहिल्यांदा "चि. शिवकन्येस" असं लिहिलंस. तेवढंच दोनदा वाचलं.

पुढचं मात्र दार लावून वाचलं. गुपचूप बंद करू नकोस, असं तू तीन रेघा मारून लिहिलं आहेस. जिवंत निकेल एवढ्या दाबाखाली गरम तेलाला भेटलं तर तेल आपलं आपण तापत जाईल, खालचा जाळ काढला तरी थांबणार नाही. त्रिंबकला सगळं सांग, आजच सांग, आणि काट्यावरच्या साठाच्या रेघेवर सुरू करायला लाव, म्हणतोस. ठीक.

सांगितलं. सकाळी हे पडवीत पूड बसवलेली राख चाळत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तेलात मी गंधक घालते, दसऱ्यापासून. एवढं वाक्य पाठ करून गेले होते, पुढचं काही ठरवलं नव्हतं. चाळणी थांबली. मला वाटलं आता हात उचलतील. आजवर उचलला नाही, पण आजवर मीही असलं काही केलं नव्हतं.

"पत्तेक खेपेला?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक."

"मुलतानी मातीच्या? राखेच्या? तांब्याच्या बी?"

"सगळ्या."

ते उठले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "म्हंजे माझा धातू चांगला होता."

बस, एवढंच. का घातलास नाही, लाज कशी वाटली नाही, तेही नाही. आश्रुबाला हाका मारत छपराकडे गेले. त्या दिवशी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला म्हणाले की गंधकाने एवढा मारला तरी तांबंवाला धातू थोडा वेळ धुगधुगी धरून होता, म्हणजे तोच सगळ्यांत दमदार. माझ्या पापातून सुद्धा त्यांनी आपल्या कामाचं तेवढं वेचून घेतलं. दादा, ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. चिडलेला माणूस थांबतो तरी. हे आता थांबणार नाहीत.

साठावर सुरू करा म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलं. शंभराच्या खाली उतरायला तयार नाहीत. म्हणतात नवे बोल्ट बसवले ते काय शोभेला? मी खूप रडले, भांडले. शेवटी मी एक अट घातली. सुटकेच्या नळाशी मी उभी राहणार, दुसरं कुणी नाही. नळ उघडला की वायू छपरावरच्या नळीतून आकाशात जातो आणि खेप बुडते, हे मला ठाऊक आहे. कधी उघडायचा ते मी ठरवणार. त्यांनी लहान पोराची समजूत काढावी तसं हो म्हटलं.

टाकी सोड्याने धुऊन काढली. तीन दिवस घासली. माझ्याकडूनच घासून घेतली. तेल मी गाळलं, आणि ह्यांनी शेजारी बसून बघितलंसुद्धा नाही. पुन्हा माझ्याच हवाली करून भट्टीकडे गेले. ते मला सगळ्यांत लागलं.

आश्रुबा नारायणगडाला नारळ बोलला आहे. मी कोणत्या देवाला काय बोलले ते लिहीत नाही, लिहिलं की फळत नाही म्हणतात.

शिवकन्या

माजलगाव, माघ शुद्ध १०

दादा,

हे जिवंत आहेत. आधी तेवढं वाच, मग पुढचं.

खेप रथसप्तमी झाल्यावर लावली. सकाळचं ऊन होतं. लोखंड तापवायची भट्टी आता छपराबाहेर नेली आहे, एवढं तरी आश्रुबाच्या मिशीने साधलं. मी नळाच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून उभी. हे काट्यासमोर. आश्रुबा टाकीखालच्या जाळाशी.

पहिल्यांदा काही झालं नाही. काटा शंभराच्या जरा अलीकडे आला आणि तिथेच राहिला. मग मागे सरकायला लागला. हे हसले, म्हणाले, "बघ, पितंय. तेल वायू पितंय." नवीन वायू सोडला. पुन्हा प्यालं. त्यांचा आनंद बघून मलाही क्षणभर वाटलं की मी उगाच भ्याले, बाईमाणसाचं मन. मग टाकीचं अंग तापायला लागलं. जाळ काढ म्हणून ह्यांनी आश्रुबाला सांगितलं, त्याने लाकडं ओढून पाण्यात घातली. जाळ गेला, तरी टाकी तापतच राहिली. तू लिहिलं होतंस तसंच. काटा आता मागे येईना, वर निघाला. टाकी घुमायला लागली. दसऱ्याच्या वेळी घुमली होती त्याच्या कितीतरी पट. आश्रुबा म्हणाला, "मालक, लई झालं." ह्यांनी हात वर केला, थांब म्हणून. चेहरा तोच, सुखी. पाय टाकीकडे वळले. कान लावायला.

मी नळ उघडला.

आवाज एवढा झाला की पाखरं उठली, म्हशीने दावं तोडलं. वायू आणि तेलाचे थेंब वरून आकाशात गेले. हे वळले आणि ओरडले, "बंद कर. दोनच मिनिटं ऱ्हायली होती." मी दांडी सोडली नाही. माझ्या हाताला त्यांनी हात घातला, ओढलं, मी अंगाने लोंबकळले पण सोडली नाही. काटा शून्यावर आला तेव्हा सोडली. तळहाताची कातडी दांडीलाच राहिली.

झाकण काढलं तर तेल कडेला घट्ट, मध्ये लोण्यासारखं मऊ. अर्धं झालं होतं. पूड हवेला लागून जळाली, तो तांब्याचा दमदार धातू गेला. पुन्हा पहिल्यापासून राख धुवावी लागेल, चाळावी लागेल, निकेल बसवावं लागेल. हे सगळं त्यांनी आश्रुबाला सांगितलं. मला नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवायला येतात, पान वाढलेलं असतं, जेवतात, उठतात. गंधक घातला तेव्हा रागाचा एक शब्द बोलले नव्हते, आणि नळ उघडला म्हणून तोंड बंद. मला वाटतं, तो गंधक त्यांना बायकोचा खुळेपणा वाटला, पण नळ उघडला तो त्यांच्या हातातोंडाशी आल्यावर.

एकच विचार डोकं पोखरतो. टाकी फुटली असती का? झाकण, बोल्ट, अंग, सगळं आश्रुबाने दिवा लावून तपासलं. कुठे तडा नाही, ओरखडा नाही. दोन मिनिटं, ते म्हणाले. दोन मिनिटांनी सगळं तेल तूप झालं असतं, किंवा मी आज हे पत्र लिहीत नसते. कोणतं, ते आता देवालाही विचारून उपयोग नाही. फुटली असती तर माझं बरोबर होतं. फुटली नाही, म्हणून मी चूक. घडलं नाही त्याची साक्ष कोण देणार? मला तू तरी सांग, शास्त्र काय म्हणतं. पण फुटली नसती असं असेल तर लिहू नकोस.

शिवकन्या

माजलगाव, माघ वद्य ११

दादा,

तुझं पत्र यायच्या आत हे लिहिते आहे.

आज सकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे आत आले आणि न बोलावता पाटावर बसले. पान मांडलं नव्हतं, वेळही झाली नव्हती. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "नवी पूड झाली. उद्या लावतो. नळापाशी तूच ऱ्हा."

इतक्या दिवसांनी आवाज ऐकला, मला आधी शब्दच कळले नाहीत. मग मी म्हटलं, आश्रुबाला ठेवा, त्याचा हात आता बरा झाला आहे. माझा हात अजून नीट मिटत नाही.

ते म्हणाले, "आश्रुबा माझ्या तोंडाकडं बघतो. मी थांब म्हणलं की थांबतो. तू थांबली न्हाईस." मग म्हणाले, "त्या दिवशी काटा चढताना मला भेव वाटलंच न्हाई, शिवकन्या. काहीच वाटलं न्हाई. नुसता आनंद. नंतर रोज त्योच इचार करतोय. माणसाला असं भेव वाटू नये, हे बरं न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं नाव त्यांनी असं कधी घेतलं नव्हतं.

मी विचारलं, "आणि मी लवकर उघडला तर?"

"उघड," ते म्हणाले, आणि उठून गेले.

तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं असतं तर मला परवडलं असतं, असं वाटून गेलं. आतापर्यंत भीती माझी एकटीची होती, मी तिच्याशी भांडत होते, रडत होते, तिच्यापायी गंधक घातला, नवऱ्याला फसवलं. आता ती त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आहे आणि म्हणताहेत, हिच्या भरवशावर मी टाकी लावतो. मला नाही म्हणता आलं नाही. मला इतकं भ्यायला कधी झालं नव्हतं, दादा. तेल आज दुपारी गाळलं. स्वच्छ आहे. धोतराचे चार पदर होते ते आठ केले.

तू ये असं लिहीत नाही. बंगलोरहून निघालास तरी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. ह्यांना मात्र एक पत्र टाक. शास्त्राचं नको, साधं, मेहुण्याला लिहितात तसं. ते उत्तर देतील असं मला वाटतं.

उद्याची खेप झाली की सगळं लिहून मगच हे पत्र टाकावं, असं मघाशी मनात होतं. पण सेलूची गाडी दारात उभी आहे आणि गाडीवान घाई करतो आहे. आजच देऊन टाकते.

शिवकन्या